गाळ, वारा आणि कोचीतला एक दिवस

कोचीला क्रूझवरून उतरताना पहिलं पाऊल ज्या जमिनीवर पडतं, तिथे शंभर वर्षांपूर्वी पाणी होतं. धक्का, प्रवासी टर्मिनल, समोरची गोदामं, रेल्वेचे जुने रूळ, टॅक्सीवाल्यांची रांग हे सगळं विलिंग्डन बेटावर आहे, आणि हे बेट खाडीच्या तळातून उपसलेल्या गाळाचं आहे. वेंदुरुत्ती नावाचं एक लहान बेट आधीपासून होतं. त्याला लागून सुमारे ७८० एकर नवी जमीन तयार झाली. मुंबईहून क्रूझने निघालेली मराठी कुटुंबं इथे सकाळी उतरतात, बसमध्ये बसतात आणि थेट फोर्ट कोचीच्या चिनी जाळ्यांकडे निघून जातात. पायाखालच्या जमिनीकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ नसतो. मला वाटतं, कोची बघायला सुरुवात या धक्क्यावरूनच करावी, कारण शहराची सगळी गोष्ट गाळाची आणि वाऱ्याची आहे आणि तिचा ताजा अध्याय इथे पायाखाली आहे.

पश्चिम घाटात उगम पावणाऱ्या पेरियार आणि मुवाट्टुपुळा या नद्या वेंबनाड नावाच्या लांबलचक खाजणात येऊन मिळतात. येताना डोंगराची माती आणतात. खाजणाचं पाणी एका अरुंद मुखातून समुद्रात जातं. या मुखाच्या दक्षिणेला फोर्ट कोची, उत्तरेला वायपीन बेट आणि मध्ये जेमतेम अर्ध्या किलोमीटरचं पाणी. बाहेरून लाटा वाळू ढकलत असतात, आतून नदी गाळ सोडत असते. दोघांची गाठ पडते तिथे पाण्याचा जोर संपतो आणि वाळूचा दांडा साचतो. कोचीच्या मुखासमोर असाच एक दांडा होता, दाबून दाबून खडकासारखा घट्ट झालेला. मोठी जहाजं त्याच्या बाहेर, उघड्या समुद्रात नांगर टाकून थांबत. माल लहान होड्यांतून आत-बाहेर जाई. पावसाळ्यात समुद्र खवळला की तेही बंद.

१९२० मध्ये रॉबर्ट ब्रिस्टो हा ब्रिटिश अभियंता कोचीला आला. त्याला मद्रासचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी पाठवलं होतं. दांडा कापायचा, ही कल्पना त्याच्या आधीच्याही लोकांना सुचली होती. पण कापला तर काय होईल, याची धास्ती होती. समुद्र आत घुसेल का, वायपीनचा किनारा वाहून जाईल का, खणलेली वाट पहिल्याच पावसाळ्यात पुन्हा भरेल का? ब्रिस्टोने वर्षानुवर्षं प्रवाह, लाटा आणि वाळूची हालचाल मोजली. वायपीनच्या किनाऱ्याला दगडी बंधाऱ्यांचा आधार दिला आणि मगच खोदकामाला हात घातला. ड्रेजरचं नावही ‘लॉर्ड विलिंग्डन’च होतं. तो तळाचा गाळ ओढून नळांमधून दूर फेकत होता आणि फेकलेल्या गाळातून बेट वर येत होतं. एकाच कामातून जहाजांना वाट मिळाली आणि धक्क्याला जागा. २६ मे १९२८ रोजी ‘पद्मा’ ही आगबोट आत आली, आणि उघड्या समुद्रात नांगर टाकून थांबण्याचे दिवस संपले.

हे काम संपत मात्र नाही. नद्या आजही माती आणतात, लाटा आजही वाळू ढकलतात. म्हणून कोची बंदराला दरवर्षी लाखो घनमीटर गाळ उपसावा लागतो. समुद्रात कित्येक किलोमीटर जाणारा हा खणलेला मार्ग वरून दिसत नाही. दिसतात ते दोन्ही बाजूंचे लाल आणि हिरवे बोये. जहाजाच्या कप्तानाला जगभरच्या समुद्रांचा अनुभव असला तरी इथे तो एकटा आत येत नाही. मुखाच्या बाहेर बंदराचा पायलट लहान बोटीतून येतो, चालत्या जहाजाला लटकवलेल्या दोरांच्या शिडीने वर चढतो आणि जहाज आत आणण्याची सूत्रं हाती घेतो. कालच्या पावसाने प्रवाह कुठे वळलाय आणि आत्ता ओहोटीचं पाणी किती ओढतंय, हे त्याला ठाऊक असतं. पंधरा मजली इमारतीएवढं जहाज खाजणाच्या आत, धक्क्याजवळ, जवळजवळ जागच्या जागी वळतं तेही पाहण्यासारखं आहे. पुढच्या भागात, पाण्याखाली, जहाजाच्या रुंदीतून आरपार बोगदे असतात. त्यांतले पंखे पाणी आडवं फेकतात आणि नाक बाजूला सरकतं. बहुतेक प्रवासी तेव्हा झोपेत असतात किंवा नाश्त्याला. उठून वरच्या डेकवर यावं, असा माझा आग्रह आहे.

आता आणखी मागे जाऊ, कारण हे मुखही कायमचं नव्हतं. दोन हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्याचं मोठं बंदर इथून उत्तरेला, कोडुंगल्लूरच्या परिसरात होतं. ग्रीक आणि रोमन लेखक त्याला मुझिरिस म्हणत. तिथल्या पट्टणम गावात २००७ पासून झालेल्या उत्खननात भूमध्य समुद्राकडच्या मद्यकुंभांचे तुकडे मोठ्या संख्येने सापडले. परंपरा असं सांगते की १३४१ साली पेरियारला प्रचंड पूर आला, कोडुंगल्लूरचं मुख गाळाने भरलं आणि पाण्याने दक्षिणेला कोचीपाशी नवी वाट काढली. एका पुराने हे सगळं झालं की अनेक वर्षांच्या बदलांचा तो शेवटचा धक्का होता, यावर अभ्यासकांचे मतभेद आहेत. पण लोकांना तो बदल एवढा मोठा वाटला की त्या वर्षापासून एक नवा शक सुरू झाला. पुदुवैप्पु शक! राजाच्या राज्यारोहणावरून किंवा लढाईतल्या विजयावरून शक सुरू झालेले आपल्याला माहीत आहेत. इथे पाण्यातून जमीन वर आली, वायपीन बेट घडलं, म्हणून लोकांनी वर्षं नव्याने मोजायला घेतली. शंभर वर्षांपूर्वी ब्रिस्टोने केलं ते नदीने त्याच जागी सहाशे वर्षं आधी केलेलं होतं.

धक्क्यावरून फोर्ट कोचीला जाताना रिक्षा तोप्पुम्पडीच्या पुलावरून जाते. रिक्षावाल्याला ‘चेट्टा’ म्हणावं, म्हणजे दादा. गप्पा लगेच सुरू होतात. जहाज सुटण्याची वेळ त्याला आपल्याआधी माहीत असते, कारण बंदरात आज कोणतं जहाज आलंय यावर त्याचा दिवस अवलंबून असतो. हातात आठ-नऊ तास असतात. त्यात सगळं पाहण्याचा हट्ट धरला की काहीच दिसत नाही. मी असले तर निम्मा वेळ चिनी जाळ्यांपाशी घालवीन.

मुखाच्या दक्षिण काठावर ती एका रांगेत उभी आहेत. लांबून पाहिलं की पाण्यावर वाकलेले प्रचंड कोळी वाटावेत. प्रत्येक जाळं म्हणजे एक तरफ आहे. सागवानी खांबांच्या चौकटीवर एक लांब तुळई टेकवलेली. पाण्याकडच्या टोकाला बांबूचे चार वाकलेले हात, त्यांना चार कोपऱ्यांनी ताणलेलं वीसेक मीटर रुंदीचं जाळं. किनाऱ्याकडच्या टोकाला दोरखंड आणि दोरखंडांना बांधलेले दगड, साधारण फूटभर व्यासाचे, शेवाळाने हिरवट झालेले. सगळं इतकं नेमकं तोललेलं असतं की एक माणूस तुळईवरून पाण्याच्या दिशेने चालत गेला की त्याच्या वजनाने जाळं पाण्यात उतरू लागतं. मोटार नाही, चाक नाही.

खरी कमाल त्या दगडांत आहे. सगळे दगड एकाच लांबीच्या दोरावर नसतात. कुणाचा दोर आखूड, कुणाचा लांब. जाळं वर उचलायला चार-पाच जण दोर ओढू लागतात. तुळईचं किनाऱ्याकडचं टोक खाली येऊ लागतं, तसा सर्वांत लांब दोराचा दगड आधी फलाटावर टेकतो. मग दुसरा. मग तिसरा. टेकलेल्या दगडाचं वजन तोलातून वजा होतं. तुळईचा कल बदलत जातो तसा तोलही बदलायला हवा, नाहीतर जाळं शेवटी झटक्याने वर उसळेल. दगड एकेक करून ‘खाली बसतात’ आणि तोल आपोआप जुळत राहतो. हे गणित कुणी कागदावर मांडलेलं नव्हतं. दोरांच्या लांबीत ते साठवलेलं आहे, आणि दोर बदलताना ते पुढच्या पिढीकडे जातं. मासेमार पाहुण्यांना हाक मारून दोर ओढायला बोलावतात. जरूर ओढावा आणि हात सोडल्यावर त्यांना काहीतरी द्यावं. ओढताना मात्र नजर मागे, दगडांवर ठेवावी. ‘ठक’ असा आवाज होतो आणि हातातलं ओझं त्याच क्षणी बदलल्याचं जाणवतं.

वर आलेल्या जाळ्यात काय असतं? बहुतेक वेळा थोडंसंच. काही बोयटं, कोळंबी, एखादा खेकडा, आणि पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत जलपर्णीचे हिरवे गठ्ठे. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. पावसाचं गोडं पाणी खाजणात असेपर्यंत ती फोफावते आणि ओहोटीबरोबर समुद्राकडे वाहत येते. उन्हाळ्यात खाजणात खारं पाणी चढलं की ती मरते. जाळ्यात अडकलेली जलपर्णी हाताने काढून टाकण्यात मासेमारांचा किती वेळ जातो, हे तिथे अर्धा तास उभं राहिलं तरी कळतं. ही जाळी आता मासळीपेक्षा छायाचित्रांसाठी जास्त उपयोगी पडतात, असं म्हणून पुढे जाणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्यांच्यावर अजून घरं चालतात, आणि सागवानाचे लांब खांब महाग झाले म्हणून काही जाळ्यांना लोखंडी नळ लागले तरी तोल तसाच आहे.

ही जाळी कुणी आणली? मिंग दरबाराचा नौसेनापती झंग ह याचे ताफे पंधराव्या शतकात कोचीला आले होते आणि त्याच्याबरोबरच्या मा हुआन याने कोचीचं वर्णन लिहून ठेवलं आहे. जाळी तेव्हाच्या चिनी व्यापाऱ्यांनी आणली, हे सर्वांत प्रचलित मत. पोर्तुगीजांनी ती मकाऊहून आणली, असं दुसरं मत आहे.

मुंबईच्या माणसाला इथे एक प्रश्न पडायला हवा. असलं जाळं आपल्याकडे का नाही? एक कारण भरती-ओहोटीत आहे. मुंबईत उधाणाच्या दिवशी पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं. कोचीत भरती आणि ओहोटीतला फरक जेमतेम एक मीटर असतो. किनाऱ्यावर कायम ठोकलेली तरफ ठरावीक खोलीतच चालते. इथेसुद्धा एका वेळी सगळी जाळी चालत नाहीत, पाण्याच्या पातळीप्रमाणे कधी ही, कधी ती. मुंबईच्या ओहोटीत ती अर्धा दिवस चिखलावर लटकली असती. हाच फरक बंदरांतही दिसतो. मुंबईत जहाजं सतत तरंगती राहावीत म्हणून इंदिरा डॉकला पाणी अडवणारे दरवाजे आहेत. कोचीच्या धक्क्याला त्याची गरज नाही. एकाच अरबी समुद्राच्या काठी असा फरक का पडतो? गुजरात-मुंबईसमोरचा समुद्रतळ रुंद आणि उथळ आहे, आणि खंभातच्या आखाताकडे तो निमुळता होत जातो. भरतीची लाट तिथे दाटते आणि चढते. कोचीसमोर तिला तशी दाटायला जागा नाही.

जाळ्यांपासून चालत पाच-दहा मिनिटांवर सेंट फ्रान्सिस चर्च आहे. वाटेत डोक्यावर पर्जन्यवृक्षांच्या फांद्या येतात, मुंबईतल्या जुन्या रस्त्यांवरचेच हे विलायती शिरीष, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून आलेले. त्यांच्या पानांच्या देठांशी फुगीर सांधे असतात. त्यांतल्या पेशी संध्याकाळी आणि ढगाळलेल्या हवेत पाणी सोडतात, सांधे सैल पडतात आणि पानं मिटतात. दुपारी गच्च सावली देणारं झाड संध्याकाळी विरळ दिसू लागतं ते यामुळे.

चर्चची इमारत साधी आहे. १५०३ मध्ये पोर्तुगीजांनी लाकडाचं उभारलं, १५१६ च्या सुमाराला दगडी केलं. वास्को द गामा १५२४ च्या २४ डिसेंबरला कोचीतच वारला आणि इथे पुरला गेला. १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. जमिनीतली कबरीची शिळा राहिली, कठड्याने वेढलेली. पोर्तुगीज गेले, १६६३ मध्ये डच आले, १७९५ मध्ये इंग्रज. इमारत एकाच ठिकाणी उभी राहिली आणि तिचा पंथ बदलत गेला. मला स्वतःला शिळेपेक्षा छताला टांगलेले कापडी पंखे जास्त बोलके वाटतात. त्यांचे दोर भिंतीतल्या भोकांतून बाहेर गेलेले आहेत. आत प्रार्थना चालू असताना बाहेर उन्हात बसून ते ओढणारे हात कुणाचे होते, त्यांची शिळा इथे नाही.

फोर्ट कोचीहून मट्टांचेरी दोन-तीन किलोमीटर. रस्ता अरुंद होतो, गोदामं दाटतात आणि सुंठीचा, मग मिऱ्यांचा वास येतो. या वासासाठीच सगळे आले होते. मिरीचा वेल झाडावर चढतो, त्याला हिरव्या दाण्यांचे लोंबणारे घोस लागतात. घोसातला एखादा-दुसरा दाणा लाल झाला की घोस तोडतात आणि उन्हात पसरतात. सालीतलं एक विकर हवेशी गाठ पडताच काम सुरू करतं आणि दाणा दोन-चार दिवसांत काळा, सुरकुतलेला होतो. पिकलेला दाणा भिजवून साल काढली तर तीच पांढरी मिरी. दाणा चावला की तोंडात आग होते. प्रत्यक्षात जिभेचं तापमान अंशभरही वाढलेलं नसतं. मिरीतलं पायपरिन हे द्रव्य उष्णता ओळखणाऱ्या चेतातंतूंच्या टोकांना जाऊन भिडतं आणि मेंदूला चटक्याची खबर जाते. मिरचीतलं द्रव्यही त्याच टोकांना भिडतं. आणि मिरची तर अमेरिकेतली. ती भारतात आणली पोर्तुगीजांनी, जे इथे मिरीसाठी आले होते! त्याआधी आपल्या स्वयंपाकातला तिखटपणा मिरी, पिंपळी आणि आल्याचा होता. कोल्हापूरच्या तांबड्या रश्शाची एक वाट अशी मलबारच्या मिरीपाशी येऊन पोहोचते.

मिरी न्यायला येणाऱ्या जहाजांची गंमत वाऱ्यात होती. उन्हाळ्यात जमीन तापते, तिच्यावरची हवा वर उठते, समुद्रावरून नैर्ऋत्येचे वारे आत ओढले जातात. हिवाळ्यात उलट, वारे ईशान्येकडून समुद्राकडे वाहू लागतात. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी शीड उभारलं की नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर मुझिरिसला पोहोचायला चाळीस दिवस लागतात, असं पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने नोंदवलं आहे. येणं सोपं होतं, पण परतायचं तर वारा फिरेपर्यंत थांबायलाच हवं. इकडे आलेला खलाशी आणि व्यापारी काही महिने इथेच अडकून पडे. महिने म्हणजे घर भाड्याने घ्यावं लागतं, भाषा शिकावी लागते, देवाला हात जोडायला जागा लागते, कधी लग्नही होतं. किनाऱ्यावर अरब, ज्यू, सीरियन ख्रिस्ती, पुढे गुजराती अशा वस्त्या रुजल्या, त्याला या सक्तीच्या मुक्कामाचा मोठा हातभार आहे. संध्याकाळी निघून जाणारे क्रूझचे प्रवासी अशा शहरात फिरत असतात, जे लगेच निघून जाता येत नव्हतं म्हणून वसलं. गोदामांच्या त्या गल्लीत उभं राहिलं की मला हे सारखं आठवत राहतं.

सगळेच वाऱ्यामुळे थांबले नाहीत. काही जण छळातून सुटून आले. इथल्या परदेसी सिनेगॉगची स्थापना १५६८ ची. स्पेन-पोर्तुगालमधून हाकलले गेलेले ज्यू मलबारात आधीपासून राहणाऱ्या ज्यूंच्या शेजारी येऊन राहिले. कोचीच्या राजाने त्यांना आपल्या राजवाड्याला खेटून जागा दिली. पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमाराला राजाला बांधून दिलेला मट्टांचेरीचा राजवाडा, त्याच्या आवारातलं देऊळ आणि सिनेगॉग हे तिन्ही शेजारी आहेत. अठराव्या शतकातल्या घड्याळाच्या मनोऱ्यावर रोमन, हिब्रू आणि मल्याळम आकडे आहेत. सिनेगॉगच्या आत जाताना चपला काढायच्या. पायाला गार लागतात त्या चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा, हाताने रंगवलेल्या. मुलांना सोबत घेतलं असेल तर हुबेहूब सारख्या दोन फरशा शोधायला सांगा. शनिवारी सिनेगॉग बंद असतं, शुक्रवारी दुपारनंतरही. राजवाडा शुक्रवारी बंद. जहाज त्या दिवशी आलं तर निराश होऊ नये, पुढचं ठिकाण उघडं असतं.

त्याआधी कोकणाशी असलेलं एक नातं. रायगड जिल्ह्यात तेल गाळणारे आणि शनिवार पाळणारे बेने इस्रायली, आपल्याकडचे शनवार तेली, शतकानुशतकं मराठी बोलत आले. एकोणिसाव्या शतकात त्यांना हिब्रू प्रार्थना आणि धर्मविधी शिकवायला जे शिक्षक आले, त्यांच्यात कोचीचे ज्यू होते. कोचीतली हिब्रू आणि अलिबागकडची मराठी अशी एकमेकींना भेटली. आज मट्टांचेरीतले बहुतेक ज्यू इस्रायलला गेले आहेत, कोकणातलेही.

मट्टांचेरीच्या चेरलाई भागात रिक्षा थांबवावी. इथे तिरुमल देवस्वमचं मोठं देऊळ आहे, आणि आसपासच्या घरांतून कानावर येते ती कोकणी. सोळाव्या शतकात गोव्यात पोर्तुगीजांनी देवळं पाडायला, धर्मांतर करायला सुरुवात केली तेव्हा जी कुटुंबं समुद्रमार्गे दक्षिणेला गेली, त्यांतली अनेक कोचीला उतरली. गौड सारस्वत, दैवज्ञ, वैश्य वाणी, कुडुंबी. पोर्तुगीजांपासून पळून पुन्हा पोर्तुगीजांच्या कोचीत? हो, पण मट्टांचेरीवर राज्य कोचीच्या राजाचं होतं आणि त्याने त्यांना आसरा दिला. पाचशे वर्षांच्या मल्याळम शेजारानंतरही मराठी माणसाला त्या बोलीतलं बरंचसं कळतं. वाक्य संपता संपता एखादं क्रियापद ओळखीचं निघतं.

याच कोकणी वस्तीतल्या तिघांची नावं प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक असावीत असं मला फार मनापासून वाटतं. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पु भट. १६७० च्या दशकात हेंड्रिक फान रेडे हा डच अधिकारी मलबारचा कारभार पाहत होता. त्याने इथल्या वनस्पतींचा एक प्रचंड ग्रंथ करायला घेतला, ‘होर्तुस मलबारिकुस’. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला त्याचे बारा खंड निघाले. सातशेहून अधिक वनस्पती, पानापानावर मोठमोठी कोरीव चित्रं. त्यातलं औषधी ज्ञान युरोपात तयार झालं नव्हतं. इट्टी अच्युतन हा मल्याळी वैद्य आपल्या घराण्याच्या पोथ्या घेऊन बसला आणि या तिघा कोकणी पंडितांनी आपल्या आयुर्वेदाच्या अभ्यासातून माहिती पडताळली. ग्रंथात जे लिहिलं आहे ते खरं आहे, असं त्यांनी १६७५ मध्ये लेखी दिलं. ते निवेदन नागरी लिपीत, कोकणीत आहे आणि पहिल्या खंडात ते जसंच्या तसं छापलेलं आहे. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला त्याच्या पुढच्या वर्षी लिहिलेली ही नागरी अक्षरं ॲम्स्टरडॅमच्या छापखान्यातून बाहेर पडली, आणि तेव्हा आपल्याकडे नागरीत छापलेलं पुस्तक नव्हतं. पुढे कार्ल लिनियसने जगातल्या वनस्पतींना नावं देताना हा ग्रंथ हाताशी ठेवला. के. एस. मणिलाल या वनस्पतिशास्त्रज्ञांनी आयुष्याची कित्येक वर्षं देऊन त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, ते २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. गोव्यातून घर सोडून आलेल्या माणसांच्या वंशजांनी नव्या भूमीतलं झाड न् झाड ओळखून घेतलं होतं, हे त्या निवेदनावरून कळतं.

जेवण कुठेही चांगलं मिळतं. करिमीन मागावा, केळीच्या पानात भाजलेला. हा मासा खाजणाच्या निमखाऱ्या पाण्यातला.

वेळ उरला तर फोर्ट कोचीहून वॉटर मेट्रो घ्यावी. २०२३ मध्ये सुरू झालेल्या या बोटी बॅटरीवर चालतात आणि कोचीतल्याच जहाजबांधणी कारखान्यात बनल्या आहेत. त्यांच्या जेट्टीचा फलाट तरंगता आहे. पाण्याबरोबर तोही वर-खाली होतो, त्यामुळे बोटीची जमीन आणि फलाट यांची पातळी सारखी राहते आणि चाकाची खुर्ची सरळ आत जाते.

क्रूझचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे, म्हणून या किनाऱ्याची सर्वांत नवलाची गोष्ट क्रूझच्या प्रवाशाला कधीच दिसत नाही. ती जून ते ऑगस्टमध्ये घडते. समुद्र खवळलेला असतो, मासेमारी थांबलेली असते, आणि अचानक किनाऱ्यालगतचा काही चौरस किलोमीटरचा पट्टा शांत होतो. चारी बाजूंना लाटा आणि मध्ये सपाट पाणी. तळाचा अतिशय बारीक गाळ ढवळून पाण्यात मिसळतो, पाणी पेजेसारखं दाट होतं आणि येणाऱ्या लाटेची शक्ती त्या दाटपणात जिरून जाते. इथले लोक याला चाकरा म्हणतात. या शांत पाण्यात मासे आणि कोळंबी गोळा होते, होड्या निघतात, ऐन पावसाळ्यात किनाऱ्यावर बाजार भरतो. वायपीनवरच्या नारक्कलजवळ आणि दक्षिणेला आलप्पुळाजवळ हे चिखलपट्टे पूर्वापार माहीत आहेत. आलप्पुळाचं जुनं बंदर पावसाळ्यातही चालू राही ते याच्याच भरवशावर. बंदराचा अभियंता ज्या गाळाशी वर्षभर झगडतो, तोच गाळ मासेमाराला वादळात आसरा देतो.

जहाजावर परतायची वेळ सुटण्याच्या आधी तास-अर्धा तास असते आणि ती पाळावी लागते, कारण पायलट आणि जहाज ओढणाऱ्या टग बोटी यांची वेळ ठरलेली असते. सुटताना डावीकडच्या कठड्याला उभं राहा. वरच्या डेकवरून फोर्ट कोचीची कौलं आणि जाळ्यांची रांग एका नजरेत येते, आणि सकाळी जी तरफ डोक्यावर होती तिचे दगड आता वरून मोजता येतात. उजवीकडे वायपीन, सहाशे-सातशे वर्षांचं बेट. मुख ओलांडलं की दोन्ही बाजूंना बोये सुरू होतात. बोये संपेपर्यंत जहाज खणलेल्या वाटेवरून जात असतं. वाट संपते तिथे पाण्याचा मातकट रंग हळूहळू निळा होतो. उजेड असेल तर तो बदल नुसत्या डोळ्यांनी दिसतो, त्यासाठी जेवणाची पहिली पाळी चुकली तरी चालेल.